धुऱ्यावरची गुळवेल

भाद्रपदातली सकाळ होती. गवत कापायला म्हणून धुऱ्यावर गेले, तर तिसऱ्या लिंबावरची गुळवेल बुडातून तोडलेली. विळ्याचा एकच घाव, तिरका आणि स्वच्छ. मनगटाएवढं खोड उघडं पडलं होतं आणि कापल्या तोंडावर मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत गेलेल्या आऱ्या दिसत होत्या, बैलगाडीच्या चाकाला असतात तशा. वर शेंड्याला पानं मात्र हिरवीगार होती.

कुणी तोडली हे विचारायची गरज नव्हती. धुऱ्यापलीकडे माझ्या चुलत दिरांची मोसंबीची बाग आहे. आदल्याच आठवड्यात ते मला म्हणाले होते, "वहिनी, तुमची वेल माझी बाग खायली. काढून टाका." मी ते मनावर घेतलं नव्हतं. वेल कधी बाग खाते का, असंच मला वाटलं. त्यांच्या बागेत एकही फांदी गेलेली नव्हती, एकही मूळ गेलेलं नव्हतं.

त्या सकाळी मी तिथेच धुऱ्यावर बसून राहिले. सात वर्षं वाढवलेली वेल होती ती. राग इतका होता की हातातला विळा थरथरत होता. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, गुळवेल मी सत्तावीस वर्षं वापरत आले होते, सात वर्षं पिकवत आले होते, पण तिची पुरती ओळख मला त्या भाद्रपदानंतर झाली.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. १९९४ साली लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा घरामागच्या लिंबावर एक जुनी गुळवेल होती. आमच्याकडे लिंब म्हणजे कडुनिंब. सासूबाईंना आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गावात कुणाला ताप आला आणि तो उतरूनही अंगात बारीक कणकण राहिली, तोंडाची चव गेली, तर बायका त्यांच्याकडे यायच्या. आत्याबाई स्वतः उठून झाडाशी जायच्या, दुसऱ्याला तोडू द्यायच्या नाहीत. अंगठ्याएवढी जाड, चार बोटं लांब कांडी घ्यायच्या. "कोवळीत नुसतं पाणी असतं, आणि फार जून झाली की तिचं लाकूड होतं," असं मला सांगायच्या. वरची साल कागदासारखी पातळ, नखानं ओढली की सुटते. खाली हिरवा रंग दिसला की कांडी जिवंत आणि रसदार. ती वरवंट्यानं ठेचायची, मातीच्या बोळक्यात पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी हातानं चुरून, फडक्यातून गाळून अनशापोटी प्यायला द्यायची. कडू इतकी की लहान मुलं दारातूनच पळायची.

हे सात दिवस. आठव्या दिवशी कुणी पुन्हा मागायला आलं तर आत्याबाई देत नसत. "औषध आहे माय, चहा नाही," एवढंच म्हणायच्या. तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायचा.

आणखी एक हट्ट होता. वेल लिंबावरचीच हवी. बाभळीवर चढलेली, तारेच्या कुंपणावर पसरलेली गुळवेल त्या औषधाला घेत नसत. पुढे माझ्याकडून माल घेणाऱ्या एका वैद्यबुवांनी सांगितलं, की आयुर्वेदातही कडुनिंबावरची गुळवेल उत्तम मानतात. त्यांच्याचकडून तिची नावं कळली. गुडूची, अमृता, कापल्या तोंडावर चाक दिसतं म्हणून चक्रलक्षणा, आणि तोडली तरी पुन्हा उगवते म्हणून छिन्नरुहा. चरकसंहितेत बुद्धी वाढवणाऱ्या चार रसायनांमध्ये हिचा रस आहे. भावप्रकाशात हिच्या जन्माची गोष्ट आहे. रावणवधानंतर इंद्रानं मेलेल्या वानरांवर अमृत शिंपलं, त्यांच्या अंगावरून ओघळलेले थेंब जिथे जिथे मातीवर पडले तिथे तिथे गुळवेल उगवली. आत्याबाईंना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्या तिला नुसतं "वेल" म्हणायच्या, घरात एकच वेल असल्यासारखं.

२०१२ साली पाऊस आला नाही. जालना जिल्ह्यातली ती दैना ज्यांनी बघितली ते विसरणार नाहीत. आमची मोसंबीची दीडशे झाडं होती, दिरांची तीनशे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही टँकरनं पाणी घातलं, पाचट अंथरलं, फांद्या छाटल्या. विहिरीत तळाचे दगड दिसायला लागल्यावर माणसांना प्यायला की झाडांना, हा प्रश्न उरला नाही. चैत्रात पानं गळाली, वैशाखात फांद्या वाजायला लागल्या. मग आमच्या शिवारात करवती फिरल्या आणि अठरा-वीस वर्षांच्या बागा सरपण म्हणून गेल्या. आमचीही गेली, दिरांचीही गेली.

त्या उन्हाळ्यात घरामागच्या लिंबाकडे बघून मला वाटलं होतं, वेलही गेली. एक पान नव्हतं. जुनी, धुरकट दोरी झाडाला गुंडाळून ठेवावी तशी ती दिसत होती. वरच्या फांद्यांवरून बारीक मुळ्या सुतळीसारख्या खाली लोंबत होत्या. मी नखानं साल खरवडली, तर आत हिरवं. मृगाचे दोन शिंतोडे पडले आणि आठ-दहा दिवसांत तिला बदामाच्या आकाराची पानं फुटली. कुणी तिला तांब्याभर पाणी घातलेलं नव्हतं.

तिथून विचार सुरू झाला. आमच्या धुऱ्यावर लिंबाची अकरा झाडं उभी होती. जमीन अडत नव्हती, पाणी लागणार नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, मोसंबी पुन्हा लावायची ताकद आपल्यात येईल तेव्हा येईल, तोवर धुऱ्याला वेल लावू. २०१४ च्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या वेलीपासून मी कांड्या केल्या.

कांडी करणं सोपं वाटतं, पण पहिल्या खेपेच्या निम्म्या माझ्या हातून कुजल्या. चूक एकच, कापल्या कापल्या पिशवीत लावल्या आणि रोज पाणी घातलं. रसदार खोड ते, उघड्या तोंडातून ओल आत गेली आणि कांडी पिवळी पडून मऊ झाली. दुसऱ्या खेपेला शिकले. पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, वीतभर लांब, दोन-तीन डोळ्यांची कांडी घ्यायची. खालचं टोक तिरकं, वरचं सरळ कापायचं, म्हणजे पिशवीत भरताना उलटी जात नाही. एक दिवस सावलीत पसरून तोंडं सुकू द्यायची. माती, वाळू, शेणखत सारखं घेऊन भरलेल्या पिशवीत एक डोळा मातीत, एक वर. पाणी बोटानं चाचपूनच द्यायचं. तीन आठवड्यांत कोंब येतो. आषाढात लिंबाच्या बुंध्यापासून हातभर लांब खड्डा घेऊन लावायची आणि झाडापर्यंत सुतळी बांधून वाट दाखवायची. पुढचं ती बघते. पहिल्या वर्षी बोरूएवढी बारीक राहते, दुसऱ्या वर्षी शेंड्याला पोचते, तिसऱ्या वर्षी अंगठ्याएवढी भरते.

तोडणी आम्ही पानगळ झाल्यावर, माघ-फाल्गुनात करतो. जमिनीपासून दोन हात खोड ठेवायचं, वरचं काढायचं. ठेवलेल्या खोडाला पावसाळ्यात पुन्हा फूट येते.

पहिला माल बाजारात नेला तेव्हा मान खाली घालून परत आले. पोती उघडली तर कांड्यांवर काळी बुरशी. लांब कांड्या बाहेरून खडखडीत वाळलेल्या, आतून ओल्या होत्या. व्यापाऱ्यानं एक कांडी मोडून माझ्यासमोर धरली. आत चाकाच्या आऱ्यांमध्ये करडा कापूस भरल्यासारखं दिसत होतं. दोन क्विंटल माल खड्ड्यात गेला. तेव्हापासून दोन-दोन बोटांचे तुकडे करते, जाड असतील ते मधून चिरते, बाजेवर जाळी टाकून सावलीत वारं लागेल असे पसरते आणि दिवसातून दोनदा हलवते. तुकडा मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. शंभर किलो ओल्या मालाचे वीस-बावीस किलो होतात. भाव सांगताना लोक वाळलेल्या मालाचा सांगतात आणि शेतकरी हिशेब ओल्याचा करतो, म्हणून हा आकडा नव्यानं लावणाऱ्यांना मी आधी सांगते.

सत्त्व काढायचं मला आत्याबाईंनी शिकवलं. २०१६ साली त्या गेल्या, त्याच्या आदल्या फाल्गुनात. ओल्या कांड्या धुऊन, कागदी साल खरवडून, बारीक तुकडे करून उखळात कुटायचे. चौपट पाण्यात रात्रभर भिजत घालायचे. सकाळी दोन्ही हातांनी चोळायचे, इतके की पाणी गढूळ, बुळबुळीत होतं आणि वर फेस येतो. तो चोथा फडक्यातून पिळून काढला की पाणी परातीत स्थिर ठेवायचं. त्याला हात लावायचा नाही, जवळून पोरं पळता कामा नयेत. चार-पाच तासांनी वरचं पाणी हलक्या हातानं कलतं करून ओतलं, की तळाशी करड्या सायीसारखा थर बसलेला असतो. त्यावर पुन्हा स्वच्छ पाणी, पुन्हा निवळू देणं, पुन्हा ओतणं. मग तो थर ताटात पसरून वाळवायचा. पाच किलो कांड्यांतून मूठ-दीड मूठ सत्त्व मिळतं. बोटाला लावून बघितलं तर मैद्यासारखं गुळगुळीत लागतं आणि त्या कडूजहर वेलीचं असूनही जिभेला जेमतेम कडसर लागतं. आमचं सत्त्व कधीच दुधासारखं पांढरंशुभ्र नसतं. बाजारात तसं स्वस्तात मिळतं तेव्हा त्यात दुसरा कसला तरी स्टार्च मिसळला असावा, अशी शंका घ्यायला जागा असते. ज्यानं एकदा तरी उखळात हात घातला आहे त्याला पांढऱ्या रंगाचा मोह पडत नाही.

मग २०२० आलं. मार्चअखेर सगळं बंद झालं आणि एप्रिलपासून माझा फोन वाजायचा थांबेना. ओळखीचे, अनोळखी, पुण्याचे, नाशिकचे, सगळ्यांना गुळवेल हवी होती. ज्यांनी जन्मात कधी वेल बघितली नव्हती ते रस्त्याकडेच्या कुंपणावरून ओरबाडून नेत होते. आमच्या गावच्या स्मशानाजवळच्या लिंबावरची वेल एका रात्रीत बुडासकट गेली. त्याच काळात ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरकडच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, सुकवून मोठ्या औषध कंपन्यांना विकल्याच्या बातम्या मी वाचल्या. पिढ्यान्‌पिढ्या रान ओळखणाऱ्या हातांना त्याचा दाम मिळाला, याचं फार बरं वाटलं. पण आमच्याकडे चाललं होतं ती नुसती लूट होती. वेल काढणाऱ्याला तिचं बूड ठेवायचं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या घाईत माझ्याकडूनही चूक झाली. मागणी पुरी करायला मी बाहेरगावच्या एका रोपवाटिकेतून दोनशे रोपं आणली. पानं बदामासारखी, वेल तशीच. पण महिन्या-दोन महिन्यांत खोड हाताला खरबरीत लागायला लागलं. आपल्या गुळवेलीच्या खोडावर बारीक पुटकुळ्या असतात, पण कोवळी फांदी गुळगुळीत असते. याला सबंध खोडभर ठसठशीत गाठी होत्या आणि चिरल्यावर दुधट चीक येत होता. वैद्यबुवांना फोटो पाठवला. ते म्हणाले, ही गुळवेलीची बहीण आहे, गुळवेल नाही. टिनोस्पोरा क्रिस्पा तिचं नाव, आपली ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आपल्या वेलीची फळं पिकल्यावर लाल आणि वाटाण्यासारखी गोल होतात, तिची लांबट आणि नारिंगी. फळं धरेपर्यंत वाट बघायची कुणाला सवड होती? मी सगळी रोपं उपटून जाळली. पण त्याआधी पंधरा-वीस रोपं लोकांच्या घरी गेली होती. त्या प्रत्येकाला मी फोन केला. तिघांचे नंबर लागले नाहीत, ते अजून मनाला टोचतं.

याहून मोठी टोचणी पुढच्या वर्षीची. माझ्या नात्यातल्या एका बाईंना मी वाळलेली गुळवेल दिली होती. घरातल्या सगळ्यांनी सकाळ-संध्याकाळ काढा घ्यायचा, असा त्यांनी नेमच केला. इतर सगळे कंटाळून थांबले, त्या थांबल्या नाहीत. पाच-सहा महिने रोज. पुढे भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे काढे, चूर्णं बंद करायला सांगितली. दोन महिन्यांत त्या बऱ्या झाल्या. कारण माझी गुळवेलच होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्या बरोबरीनं इतरही चूर्णं घेत होत्या. पण २०२१ मध्येच मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती आणि त्यावर बराच वाद झाला. आयुष मंत्रालयानं २०२२ च्या फेब्रुवारीत सांगितलं, की गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घातक ठरू शकते, म्हणून नीट ओळखून आणि वैद्याच्या सल्ल्यानंच घ्यावी. वाद जाणकारांनी मिटवावा. मला मात्र दवाखान्यातल्या त्या खाटेशेजारी बसून आत्याबाईंचं वाक्य आठवत होतं. मी लोकांना कांड्या दिल्या, वाळलेले तुकडे दिले. सात दिवस आणि आठव्या दिवसाचा नकार मात्र दिला नाही. वेलीबरोबर जायला हवं होतं ते तेच होतं.

ही गोष्ट श्रावणातली. पुढच्याच महिन्यात धुऱ्यावरची वेल तुटली.

दिरांनी २०१४ मध्ये पुन्हा हिंमत करून मोसंबी लावली होती. त्या बागेचा हा दुसराच चांगला बहार. मी रागानं त्यांच्या ओट्यावर गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. मला बागेत नेलं आणि झाडाखाली पडलेली फळं दाखवली. पिवळं पडायला लागलेलं चांगलं भरलेलं फळ, त्यावर टाचणीनं टोचावं एवढं एक भोक आणि भोकाभोवती रुपयाएवढा मऊ, कुजका डाग. दाबलं की भोकातून रस येत होता. एकेका झाडाखाली दहा-दहा, पंधरा-पंधरा. "रात्री पतंग येतो, सोंड खुपसून रस पितो. तीन-चार दिवसांत फळ गळतं. त्याची अळी तुमच्या वेलीवर वाढते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतच लिहिलंय, बागेजवळची गुळवेल आणि वासनवेल काढा."

माझा विश्वास बसला नाही. अमृता जिचं नाव, ती दुसऱ्याच्या बागेचा घात करणाऱ्याला पोसते, हे मानायला मन तयार नव्हतं. मी म्हटलं, भाऊजी, मी तुम्हाला खोटं ठरवून दाखवते.

घरी येताना दुसऱ्या लिंबावरची वेल खालपासून न्याहाळली. पानांना गोल गोल खाचा होत्या. त्या मी आजवर शंभरदा बघितल्या असतील. पान उलटं केलं, तर मागे करंगळीएवढी मखमली तपकिरी अळी, अंगाच्या बाजूला डोळ्यांसारखे दोन वाटोळे ठिपके. बोट लावलं की डोकं आत वळवायची आणि शेपूट वर उचलायची. चालताना मधलं अंग कमानीसारखं उचलायची. अशा पाच अळ्या मी लोणच्याच्या काचेच्या बरणीत पाल्यासकट ठेवल्या आणि तोंडाला फडकं बांधलं. रोज सकाळी ताजी पानं घालायची, विष्ठा झाडायची. आठवड्याभरात पानं दुमडून, रेशमाच्या धाग्यांनी शिवून त्या आत कोषात गेल्या. दोन मेल्या, तीन राहिल्या.

बारा-तेरा दिवसांनी एका संध्याकाळी बरणीत वाळलेलं पान दिसलं. मी तर वाळलेलं पान घातलं नव्हतं. जवळ गेले तर ते हललं. वरचे पंख हुबेहूब सुकल्या पानासारखे, मधली शीरसुद्धा होती. त्यानं पंख उघडले आणि खाली लखलखीत नारिंगी रंग, त्यावर काळे पट्टे. इतकं देखणं पाखरू मी आमच्या शेतात कधी बघितलं नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर मी दिरांच्या बागेतलं एक चांगलं फळ बरणीत ठेवलं, खोलीतला दिवा मालवला आणि बाजेवर बसून राहिले. अर्ध्या-पाऊण तासानं बॅटरी लावली. त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकले. पतंग फळावर बसला होता आणि त्याची सोंड सालीत रुतलेली होती. सोंडेच्या बाजूनं रसाचा एक थेंब हळूहळू फुगत होता.

ज्याला खोटं ठरवायला मी बरणी मांडली होती, तो माणूस खरा निघाला. सकाळी बरणी घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. दिरांनी बरणी उजेडात धरून बराच वेळ बघितलं. "रात्रीच बघितला होता याला, बॅटरीच्या उजेडात," ते म्हणाले. "इतक्या जवळून आजच." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तोडायच्या आधी मी सांगायला पाहिजे होतं, वहिनी." मी म्हटलं, सांगितलं होतं तुम्ही, मी ऐकलं नव्हतं.

हे पतंग लांबून उडत येतात. एका धुऱ्यावरच्या वेली काढल्या म्हणून बाग वाचत नाही. पण घराच्या उंबऱ्याशीच पैदास का ठेवायची? त्या दिवाळीत आम्ही दोन्ही घरांनी मिळून ठरवलं. बागेच्या अंगाच्या सात झाडांवरून वेली उतरवायच्या, घराच्या अंगाच्या चार ठेवायच्या. ठेवलेल्या वेलींची पानं श्रावणापासून कार्तिकापर्यंत दर चौथ्या दिवशी उलटून बघायची. खाचा दिसल्या की अळी शोधायची. कोवळा पाला भाजीला भरपूर काढायचा, मुगाची डाळ, लसूण घालून ती भाजी छान होते, आणि तेवढीच अळीची जागा कमी. गळलेली फळं दोघांनी मिळून रोज वेचून पुरायची, कारण कुजक्या फळाच्या वासानं पतंग जास्त येतात. दिवस मावळला की बागेत लिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करायचा. बहार उतरेपर्यंत हे काम रोजचं. माझी सून आणि दिरांचा नातू दोघं आता पान न तोडता नुसतं बोटानं उचकून अळी सांगतात.

वेली उतरवताना तिसऱ्या लिंबावरची मात्र आम्ही तशीच सोडली. बुडातून तुटलेली, ती तर मेलीच, वर चढून ओढायचे कष्ट कशाला, असं वाटलं. उन्हाळ्यात ती झाडावर वाळलेल्या दोरीसारखी अडकून होती.

२०२२ च्या ज्येष्ठात पहिला पाऊस झाला आणि दोन दिवसांनी मी धुऱ्यावर गेले. तिसऱ्या लिंबाच्या फांदीवरून एक धागा खाली आला होता. शिवणाच्या दोऱ्यापेक्षा जरा जाड, पिवळसर, टोकाशी ओलसर. जमिनीपासून वीतभर वर थांबलेला. शेजारीच दुसरा एक आणखी आधीचा असणार, कारण तो मातीत शिरला होता आणि त्याला ओढलं तर ताण लागत होता. वर बघितलं तर शेंड्याला चार पोपटी पानं. नऊ महिने बूड नसलेली वेल झाडावर लोंबत आपल्याच खोडातल्या साठ्यावर जगली होती आणि वरून मूळ सोडत सोडत जमिनीपर्यंत आली होती. छिन्नरुहा हे नाव मी शंभर जणांना अर्थासकट सांगितलं असेल. त्या दिवशी ते डोळ्यांनी बघितलं.

दिरांना हाक मारली. तेही येऊन उभे राहिले. धागा त्यांनी दोन बोटांत धरला, सोडला. "हिला इथं ठेवता नाही यायचं," ते म्हणाले. "हो," मी म्हटलं. मग ते स्वतः झाडावर चढले आणि वेल न तुटू देता, वेढे एक-एक सोडवत खाली दिली. मातीत गेलेलं मूळ मी खुरप्यानं सोडवलं. तिच्या छत्तीस कांड्या झाल्या. दिवसभर सावलीत ठेवून दुसऱ्या दिवशी पिशव्यांत भरल्या. एकतीस जगल्या. त्यातली एक घरामागच्या लिंबाला लावली, आत्याबाईंच्या वेलीच्या पलीकडच्या अंगाला.

अजूनही लोक कांड्या न्यायला येतात आणि मी देते. पण आता आधी ओसरीवर बसवते. जुनी वेल दाखवते, कागदी साल ओढून खालचा हिरवा रंग दाखवते, कांडी मोडून आतलं चाक दाखवते. कुणासाठी नेताय, साखरेची किंवा दुसरी कुठली गोळी चालू आहे का, घरात कुणी गरोदर आहे का, कुणाला कावीळ झाली होती का, हे विचारते. असेल तर आधी वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे पाठवते, कांडी नंतर. सात दिवसांचं आणि आठव्या दिवसाचं सांगते. तोडताना दोन हात बूड ठेवायचं सांगते. कुठल्या झाडावर चढवणार ते विचारते.

आणि कांडी हातात ठेवायच्या आधी शेवटचं विचारते: "शेजारी कुणाची बाग आहे?"